कमी पाण्यात फुलणारी पुण्याची बाग

होळी झाली की पुण्यातल्या गच्च्या आणि बाल्कन्यांमधील बागांची अवस्था बिकट होऊ लागते. थंडीत डौलाने फुललेली डेलिया, पिटुनिया, पॅन्सी ही मंडळी मार्चअखेरीस माना टाकतात, हिरवळ पिवळी पडते आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘बागेसाठी पिण्याचे पाणी वापरू नये’ असा कागद लागतो. २०१५च्या अपुऱ्या पावसानंतर पुणेकरांना अनेक महिने दिवसाआड पाणी घ्यावे लागले होते. अशा वर्षी झाडांना पाणी घालावे की घालू नये, हा प्रश्न हौसेचा राहत नाही, विवेकाचा होतो. त्यातून काहीजण बागेचा नादच सोडतात. खरे तर सोडायला हवा तो बागेचा नाद नव्हे, तर पाणथळ व थंड प्रदेशांतील झाडे पुण्याच्या उन्हात जगवण्याचा अट्टहास. रखरखीत उन्हात, रेताड किंवा खडकाळ जमिनीत आणि अल्प पाण्यावर उत्तम फुलणाऱ्या वनस्पती जगात विपुल आहेत. त्यांपैकी अनेक आपल्या परिचयाच्या आहेत, तर काही आपल्याच टेकड्यांवर वाढतात.

पुणे वाळवंट नाही, हे आधी लक्षात घ्यावे

पुण्याचे हवामान समजून घेतल्याशिवाय अशी बाग यशस्वी होत नाही. शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात तो सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटरवर येतो आणि पूर्वेकडे दौंड, बारामती, इंदापूरकडे जावे तसतसा आणखी घटत जातो. पुण्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. एप्रिलमध्ये कमाल तापमानाची सरासरी ३८ अंश सेल्सिअसच्या घरात असते आणि काही दिवस पारा ४० अंशांच्याही वर जातो. गच्चीवरची फरशी व सिमेंटचे कठडे तापल्यामुळे कुंडीतील मुळांना सोसावी लागणारी उष्णता याहूनही अधिक असते.

याचा अर्थ असा, की वर्षातील आठ महिने आपली बाग वाळवंटासारख्या कोरडेपणाला तोंड देते आणि चार महिने ओलाव्याला. वाळवंटी झाडे लावणारे अनेकजण एप्रिल-मेची धास्ती घेतात. प्रत्यक्षात ही झाडे दगावतात ती जुलै-ऑगस्टमध्ये. कोरड्या प्रदेशातील झाडांची मुळे पाणी शोधायला आणि खोडे ते साठवायला सरावलेली असतात. आठवडाभर साचून राहिलेल्या पाण्यात मुळांना प्राणवायू मिळत नाही, बुरशीला मात्र आयते निमंत्रण मिळते. म्हणूनच पुण्यातील कोरड्या बागेचे पहिले सूत्र पाणी वाचवण्याचे नसून पाण्याचा निचरा करण्याचे आहे.

माती आणि कुंडी

पुण्याच्या अनेक भागांत काळी चिकण माती आढळते. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. नुसती काळी माती कुंडीत भरली, तर उष्ण प्रदेशातील फुलझाडांसाठी ती मारक ठरते. या झाडांसाठी दोन भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग पोयटा माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत असे मिश्रण करावे. त्यात कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. नदीची वाळू आता महाग तर आहेच, शिवाय तिच्या उपशामुळे नद्यांची हानी होते. बांधकामावर उरलेल्या विटांचे तुकडे करून वापरणे केव्हाही चांगले. विटांचे तुकडे थोडे पाणी शोषून ठेवतात आणि मातीत हवाही खेळती ठेवतात. कोकोपीटचा वापर मात्र या झाडांसाठी बेताचाच असावा, कारण त्यातील ओल पावसाळ्यात लवकर हटत नाही.

कुंडी शक्यतो मातीची घ्यावी. तिच्या सच्छिद्र भिंतींतून ओल बाहेर पडते व मुळे तुलनेने थंड राहतात. प्लॅस्टिकची कुंडी वापरायची असल्यास ती फिकट रंगाची असावी आणि तिच्या तळाला किमान चार-पाच छिद्रे पाडावीत. छिद्रांवर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर ठेवावी; त्यामुळे निचरा होतो, खालून हवा खेळते आणि गच्चीच्या जलरोधक थराचेही रक्षण होते. गच्चीवर वाफे करण्यापूर्वी इमारतीच्या स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे, कारण भिजलेल्या मातीचे वजन कोरड्या मातीच्या कितीतरी अधिक असते. कुंडीखाली थाळी ठेवण्याची सवय पावसाळ्यात सोडावी. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांची पैदास होते.

एकाच कुळातली काटक भावंडे

उष्ण व कोरड्या हवेत फुलणाऱ्या आपल्या परिचित झाडांची यादी केली, तर एक गंमत ध्यानात येते. कण्हेर, बिट्टी, चाफा, सदाफुली, अडेनियम, रुई ही सारी एकाच वनस्पतिकुळातील आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या अंगी चीक असतो, पाने जाड किंवा मेणचट असतात आणि जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. कोरड्या प्रदेशात एकेक पान मोलाचे असते. ते राखण्यासाठी निसर्गाने या कुळाला विषाचे कवच दिले आहे. या कवचाविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

यांपैकी अडेनियम गेल्या काही वर्षांत पुण्यात फार लोकप्रिय झाले आहे. त्याला ‘वाळवंटातला गुलाब’ म्हणतात. मात्र गुलाबाशी त्याचे नाते नाही. मूळचे पूर्व आफ्रिका व अरबस्तानातील हे झुडूप एडनच्या नावावरून ओळखले जाते. बुडाशी फुगलेल्या खोडात ते पाणी साठवते. बियांपासून वाढवलेल्या रोपाचे बूड चांगले फुगते. फांदी लावून केलेल्या रोपाला तसा घाट येत नाही. रंगीबेरंगी व दुहेरी पाकळ्यांच्या जाती कलम करून तयार करतात. खरेदी करताना कलमाचा सांधा घट्ट आहे ना आणि बूड बोटाने दाबल्यावर कडक लागते ना, हे पाहून घ्यावे. बूड मऊ लागल्यास रोप आतून कुजू लागले आहे, असे समजावे.

अडेनियमला दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. पुण्यात फेब्रुवारीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत ते भरभरून फुलते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आले की पाने पिवळी पडून गळतात. झाड वाळले असे समजून या काळात पाणी वाढवणे ही सर्वांत घातक चूक होय. ती त्याची विश्रांती असते. तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा थोडे पाणी पुरते. फेब्रुवारीत छाटणी करावी आणि दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना बूड मातीच्या वर इंचभर उचलून घ्यावे. पावसाळ्यात ते छताखाली, पण उजेडात ठेवावे. बूड सडू लागलेच, तर झाड उपटून सडका भाग स्वच्छ सुरीने निरोगी गर दिसेपर्यंत कापावा, जखमेवर बुरशीनाशकाची भुकटी लावावी आणि आठ-दहा दिवस सावलीत कोरडे ठेवून नव्या मातीत लावावे.

चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा असला, तरी आता तो आपल्या देवळांच्या अंगणातलाच वाटतो. हिवाळ्यात पाने गाळून तो पाण्याची गरज कमी करतो आणि उन्हाळा लागताच निष्पर्ण फांद्यांवर फुलांचे गुच्छ येतात. मार्च-एप्रिलमध्ये हातभर लांबीची फांदी कापून ती आठवडाभर सावलीत सुकू द्यावी. चीक वाळून जखम बंद झाली की मगच ती लावावी. ताजी फांदी ओल्या मातीत लावल्यास ती हमखास कुजते. नागाच्या फण्याच्या आकाराची पाने आणि पांढरी फुले असणारी चाफ्याची जात मोठ्या कुंडीतही उत्तम वाढते. पावसाळ्यात चाफ्याच्या पानांच्या मागे तांबेऱ्याचे केशरी ठिपके दिसतात. अशी पाने गोळा करून बागेबाहेर टाकावीत.

सदाफुली मादागास्करची. तिच्यापासून व्हिनब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळाली, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र बागेच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे भर उन्हात, भिंतीच्या फटीतही बारा महिने फुलण्याची तयारी. नव्या संकरित जातींची फुले मोठी असतात, पण त्या पावसाळ्यात बुरशीने चटकन मरतात. जुनी गुलाबी व पांढरी सदाफुली पुण्याच्या पावसातही तग धरते आणि तिचे बी आपोआप रुजते.

कण्हेर तर महामार्गांच्या दुभाजकांवर धूर, धूळ आणि उन्हाचा मारा सोसत फुलते. यावरूनच तिच्या काटकपणाची कल्पना यावी. पाऊस संपल्यावर तिची छाटणी केल्यास नव्या फुटव्यांवर उन्हाळ्यात भरपूर फुले येतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडतो. पाण्याचा जोरदार फवारा किंवा पाच टक्के निंबोळी अर्क त्यावर पुरेसा होतो.

ताणावर फुलणारी बोगनवेल

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ‘ताण देणे’ ही कल्पना नवी नाही. डाळिंब किंवा संत्र्याचा बहर धरताना बागेचे पाणी काही आठवडे तोडतात, झाड विश्रांती घेते आणि पुन्हा पाणी मिळताच एकदम फुलावर येते. घरच्या बागेत हेच तत्त्व बोगनवेलीला लागू पडते. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडलेली ही वेल फ्रेंच दर्यावर्दी बुगनव्हिल यांच्या नावाने ओळखली जाते. आपण ज्याला तिचे फूल म्हणतो ती खरे तर रंगीत पाने, म्हणजे छदे होत. खरी फुले त्यांच्या मध्यभागी असलेल्या पांढुरक्या, नळीसारख्या बारीक रचना असतात.

‘बोगनवेल नुसती पानेच काढते, फुलत नाही’ ही तक्रार पुण्यात नेहमी ऐकू येते. तिची कारणे बहुधा तीन असतात: ऊन कमी, पाणी जास्त किंवा नत्रयुक्त खत जास्त. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की वेलीची छाटणी करावी, एकदा शेणखत द्यावे आणि नव्या फुटी वीतभर झाल्यावर पाणी कमी करत जावे. पाने किंचित मलूल होईपर्यंत थांबून मग भरपूर पाणी द्यावे, पुन्हा थांबावे. असे दोन-तीनदा केले की रंग येऊ लागतो. कुंडी फार मोठी नसावी. मुळे थोडी दाटीत असली की बोगनवेल अधिक फुलते. जमिनीत लावलेल्या जुन्या वेलीला तर पाऊस सोडून वेगळ्या पाण्याची फारशी गरजच भासत नाही.

बोगनवेलीच्याच कुळातली गुलबक्षी मात्र आता शहरात विसरली जात आहे. ती जमिनीत कंद साठवते, उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी पुन्हा फुटते आणि संध्याकाळी उमलते. दिवसभर कामावर असणाऱ्यांना फुललेली बाग पाहायला मिळावी, यासाठी गुलबक्षीइतके सोयीचे झाड नाही.

मोगऱ्यालाही ताण मानवतो. तो वाळवंटी नव्हे आणि त्याला उन्हाळ्यात नियमित पाणी लागते. परंतु डिसेंबरात पाणी तोडून, जानेवारीत छाटणी करून व खत देऊन पाणी पुन्हा सुरू केले, तर मार्चपासून कळ्या लागतात. ज्यांना थोडेच पाणी उपलब्ध आहे, त्यांनी ते हिरवळीवर न घालता मोगऱ्याच्या दोन कुंड्यांना द्यावे. हिशेब सोपा आहे. चौरस मीटरमागे रोज पाच लिटर पाणी धरले, तरी शंभर चौरस फुटांच्या हिरवळीला उन्हाळ्यात रोज सुमारे ४५ लिटर पाणी लागते. मोगऱ्याच्या दोन कुंड्यांना चार-पाच लिटर पुरते आणि फुलेही मिळतात.

छोट्या बाल्कनीसाठी

ज्यांच्याकडे फक्त उन्हाची बाल्कनी किंवा खिडकीची जाळी आहे, त्यांनी ऑफिस टाइम अर्थात चिनी गुलाबापासून सुरुवात करावी. सकाळी ऊन आले की हे फूल उमलते आणि दुपारनंतर मिटते, म्हणून आपल्याकडे त्याला हे नाव पडले. आपल्या घोळाच्या भाजीचे हे दक्षिण अमेरिकी भावंड. मांसल पानांत पाणी साठवत असल्याने एक-दोन दिवस पाणी चुकले तरी बिघडत नाही. उथळ कुंडीत बोटभर लांबीचे शेंडे खोचले की ते रुजतात. दर दोन-तीन महिन्यांनी जुन्या रोपांचे शेंडे खुडून नवी लागवड केल्यास फुलांचा गालिचा टिकून राहतो.

युफोर्बियाची काटेरी झुडपे लाल, पिवळ्या, गुलाबी रंगांत मिळतात आणि जवळजवळ वर्षभर फुलतात. तीही मादागास्करचीच. कोरफड केवळ औषधी म्हणून लावली जाते, पण जुन्या, चांगले ऊन मिळालेल्या कोरफडीला थंडीच्या अखेरीस पिवळ्या फुलांचे उंच दांडे येतात आणि त्यांवर शिंजीर हमखास येतात. कोरफड, घायपात आणि निवडुंग यांच्या काटकपणाचे रहस्य त्यांच्या श्वसनरंध्रांत आहे. बहुतेक झाडे रंध्रे दिवसा उघडतात व त्यातून पाणी गमावतात. या वनस्पती ती रात्री, हवा गार असताना उघडतात, कर्बवायू साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याचा उपयोग करतात.

हंगामी फुलांमध्ये गलांडा, झिनिया व झेंडू ही तिन्ही उन्हाळ्याला तोंड देणारी आहेत. फुलबाजारात गलांडा म्हणून मिळणारे गॅलार्डिया मूळचे उत्तर अमेरिकेतले. झिनिया व झेंडू मेक्सिकोचे. फेब्रुवारीत बी पेरल्यास भर उन्हाळ्यात फुले मिळतात. वाळलेली फुले वेळच्या वेळी खुडली, तर बहर लांबतो.

आपल्या टेकड्यांवरची झाडे

वाळवंटी बाग म्हटली की परदेशी निवडुंगच डोळ्यांसमोर येतात. पण दख्खनच्या कोरड्या पठारानेही उत्तम फुलझाडे घडवली आहेत आणि त्यांना पुण्याचा पाऊस व उन्हाळा दोन्ही सोसतात. पिवळ्याधमक फुलांचे तरवड हे त्यांतले पहिले. माळरानावर, मुरमाड जमिनीत ते कोणत्याही मशागतीविना फुलते. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जाई. तेलंगणाचे ते राज्यपुष्प आहे. बी कठीण कवचाचे असल्याने पेरण्यापूर्वी कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे. रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे, कारण त्याचे सोटमूळ लवकर खोल जाते.

पिवळी कोरांटी काटेरी असल्याने कुंपणाला उत्तम. पावसानंतर हिवाळाभर ती फुलत राहते. धायटीच्या लाल फुलांनी सह्याद्रीचे उतार फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगून जातात. बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात ती सहज वाढते. मोठी जागा असल्यास बहावा, पळस, पांगारा आणि सोनसावर यांचा विचार करावा. ही झाडे पाने गाळून उन्हाळ्याला सामोरी जातात व नेमकी त्याच काळात फुलतात. पहिली दोन-तीन वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. पुढे ती स्वतःची काळजी स्वतः घेतात.

पुणे जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी आणखी एक वनस्पती म्हणजे शिवसुमन. शिवनेरी व जुन्नरच्या परिसरातील कड्यांवर वाढणारे हे मांसल खोडाचे छोटे झुडूप. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याला ‘फ्रेरिया’ हे नाव दिले. गर्द किरमिजी रंगावर पिवळसर ठिपके असलेली पंचकोनी फुले पावसाळ्यात येतात. पावसाळ्यात त्याला पाने असतात आणि ती नेहमीच्या झाडांप्रमाणे दिवसा काम करतात. उन्हाळ्यात पाने गळून जातात व उरलेले मांसल खोड निवडुंगाप्रमाणे रात्री कर्बवायू घेते. वर्षातील चार महिने ओलाव्याचे आणि आठ महिने कोरडे, या आपल्या हवामानाचे इतके चपखल उत्तर क्वचितच दुसऱ्या वनस्पतीने शोधले असेल. 

शिवसुमन अत्यंत दुर्मिळ आहे. ते किंवा कंदीलपुष्पासारख्या अन्य दुर्मिळ वनस्पती गड-टेकड्यांवरून उपटून आणणे हा निसर्गावर अन्याय आहे. खोडाच्या तुकड्यांपासून त्याची रोपे सहज होतात. तेव्हा अशा रीतीने बागेत वाढवलेले रोप मिळाले तरच ते घ्यावे.

कोणती झाडे टाळावीत

काटकपणा हा गुण असला, तरी तो कुंपणाबाहेर गेला की उपद्रव ठरतो. घाणेरी अर्थात टणटणी शोभेचे झाड म्हणून भारतात आली आणि आज देशभरातील जंगले व टेकड्यांवर तिने स्थानिक झुडपांची जागा बळकावली आहे. केशरी-पिवळा कॉस्मॉसही बागांतून निसटून पुण्याच्या टेकड्यांवर पसरला आहे. फिरायला जाताना टेकडीवर बिया उधळण्याचा ‘निसर्गप्रेमी’ उपक्रम म्हणूनच टाळावा. टेकोमासारखी हलक्या, पंखधारी बियांची झुडपे लावली असल्यास शेंगा वाळण्यापूर्वी छाटाव्यात.

दुसरा सावधपणा विषाबाबतचा. कण्हेरीचे पान, फूल, खोड, मूळ असे सर्वच भाग विषारी आहेत. त्यातील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. बिट्टीच्या बियाही तशाच जीवघेण्या. एकेकाळी मुले बिट्ट्यांनी खेळत, पण त्या तोंडात जाणे प्राणावर बेतू शकते. अडेनियमचा रस आफ्रिकेत बाणांना विष लावण्यासाठी वापरला जाई. युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो. घरात रांगते मूल किंवा पाळीव प्राणी असल्यास ही झाडे त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत किंवा त्यांऐवजी बोगनवेल, झिनिया निवडावीत. छाटणी करताना हातमोजे घालावेत, छाटलेल्या फांद्या जाळू नयेत व गुरांच्या वाटेवर टाकू नयेत. चीक डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे. झाडाचा भाग कोणी खाल्ला असल्यास घरगुती उपाय करण्यात वेळ न दवडता, झाडाची फांदी सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

पाणी देण्याची रीत

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१मध्ये कमी पाण्याच्या बागेसाठी ‘झेरिस्केप’ हा शब्द रूढ केला. त्यातील एक तत्त्व आपल्या गच्चीवरही तितकेच उपयोगी आहे: पाण्याची गरज सारखी असणारी झाडे एकत्र ठेवावीत. अडेनियमच्या शेजारी गुलाब ठेवला, तर दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले. बागेचे रोज पाणी लागणारी, आठवड्यातून दोनदा लागणारी आणि आठवड्यातून एकदा लागणारी असे तीन गट करावेत. पहिला गट जितका लहान, तितकी बाग टिकाऊ.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत एकदाच भरपूर द्यावे आणि वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पुन्हा द्यावे. बोट मातीत खुपसून पाहणे हे सर्वांत विश्वासू मोजमाप होय. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन घातल्यास बाष्पीभवन बरेच कमी होते. मांसल झाडांच्या बुडाशी मात्र पालापाचोळा न घालता खडी पसरावी. जमिनीतील झाडांसाठी न भाजलेल्या नव्हे, तर भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मडक्याचा उपयोग करता येतो. झाडालगत ते गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत राहते आणि मुळे तिकडे वळतात. सुटीत गावाला जाणाऱ्यांसाठी ही जुनी पद्धत फार सोयीची आहे.

डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी यांचा बागेसाठी निःशंक वापर करावा. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते साध्या पाण्यात मिसळून द्यावे. कूपनलिकेचे जड पाणी सतत दिल्याने कुंडीच्या कडांना पांढरा थर जमतो. वर्षातून एकदा पावसाचे पाणी कुंडीतून चांगले निथळू दिले की हे क्षार धुऊन जातात.

वर्षभराचे वेळापत्रक

जून-जुलैमध्ये देशी झुडपांची लागवड, कण्हेर व कोरांटीच्या फांद्या लावणे ही कामे करावीत. अडेनियम, युफोर्बिया व निवडुंग आडोशाला न्यावेत. ऑगस्टमध्ये निचऱ्याची छिद्रे तपासावीत. ऑक्टोबरमध्ये बोगनवेल व कण्हेरीची छाटणी करून खत द्यावे. डिसेंबर-जानेवारीत अडेनियम व चाफ्याचे पाणी कमी करावे, मोगऱ्याला ताण देऊन छाटावे. फेब्रुवारीत अडेनियमची छाटणी, कुंडीबदल आणि गलांडा-झिनियाची पेरणी करावी. मार्च-एप्रिलमध्ये चाफ्याच्या फांद्या सुकवून लावाव्यात, आच्छादन घालावे. मे महिन्यात कोणतेही खत देऊ नये व कुंडी बदलू नये. केवळ फुले पाहावीत.

रोपांच्या खरेदीसाठी सोलापूर रस्त्यावर हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत अनेक रोपवाटिका आहेत. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात नाना जाती एकत्र पाहता येतात. मात्र थंडीतल्या रंगांना भुलून खरेदी करण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘हे झाड मे महिन्यात आणि जुलै महिन्यात कसे दिसेल?’ या दोन्ही महिन्यांत जे तगते, तेच पुण्याच्या बागेचे झाड.